मॅलकी बिल्डरला धारेवर धरतात

"ओळखदेख नसलेल्यांच्या मयताला जो सगळ्यांत आधी हजर होतो, त्याच्याकडून घर घेऊ नकोस," असं डेर्व्हलाच्या बाबांनी बजावलं होतं. डेर्व्हला हसली होती. कॉलेजात शिकलेली पोर. भिंती, छत, नळ सगळं तपासून तिने घर घेतलं. मयताचा आणि घराचा काय संबंध?

मॅलकी गार्विन यांची वाटचाल तशी सरळच. आधी पब, मग पबच्या मागे शवपेट्यांचं दुकान, मग पबात बसून जमवलेल्या मतांवर नगरसेवकपद. शेवटी नदीकाठच्या ज्या कुरणात हिवाळ्यात गुरंही उभी राहत नसत, तिथे घरांची वसाहत. जन्म तेवढा किलड्रॅन गावाने स्वतःकडे ठेवला होता, बाकी सगळं मॅलकींकडे.

वसाहतीचं सांडपाणी पंपाने वर चढवावं लागे. पंप अडला की ते सगळ्यांत खालच्या घरात, म्हणजे नॅन्स टूहींच्या घरात शिरणार. नॅन्स ऐंशीच्या पुढच्या, कंबर मोडलेली, एकट्या. समोरच्या घरातून डेर्व्हला कडेवरच्या बाळाला थोपटत पंपाची घरघर ऐकत राही. आठवडाभर पाऊस लागला होता, आणि ती घरघर आता मधूनमधून थांबू लागली होती.

शनिवारी मॅलकी पबात जनतेची गाऱ्हाणी ऐकत. डेर्व्हला बाळाला घेऊन गेली.

"पंप? अरेरे! त्या बिल्डरला आजच धारेवर धरतो."

"मॅलकी, बिल्डर तुम्हीच आहात."

"तेच तर दुखणं आहे ना. महा कोडगा माणूस, कुणाचं ऐकत नाही!"

"मग नगरपालिकेने पंप ताब्यात घ्यावा."

"अर्धवट काम कसं ताब्यात घेणार? मीच विरोध केला. जनतेचा पैसा आहे, पोरी."

अख्खा पब हसला. दात न आलेल्या बाळाच्या हातात मॅलकींनी टॉफी दिली.

मग ती नॅन्सकडे गेली. "तुम्ही तक्रार केलीत तर तुमचं ऐकतील. पाणी तुमच्या घरात येणार आहे."

"छे गं. माझ्या नवऱ्याला, मॉसीला, खांदा दिलाय त्याने."

"पैसे घेऊन, नॅन्स."

"पैसे पेटीचे घेतले. खांद्याचे नाही."

"बरं, निदान पाऊस थांबेपर्यंत आमच्याकडे या."

"आणि लोक म्हणतील, मॅलकीच्या घरात म्हातारी राहू शकली नाही! उगाच त्याची मतं कशाला घालवू?"

आज दुपारी पंप बंद पडला. त्याच सुमारास बाळाला धाप लागली आणि त्याला घेऊन डेर्व्हला जिल्ह्याच्या इस्पितळात धावली. तिथून ती नॅन्सना फोन लावते आहे. कुणी उचलत नाही. मॅलकींना लावला, तर ते शेजारच्या गावी मयताला. फोनवरसुद्धा हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या दुःखात सहभागी आहे."

बाळाच्या तोंडावर वाफेची नळी धरून डेर्व्हला आता दिसेल त्याला विचारते आहे, तुम्हालाही: किलड्रॅनच्या रस्त्याने जाणार आहात का? पूल आला की खाली डावीकडे, अगदी शेवटचं घर. दार वाजवून थांबू नका, त्या "सगळं ठीक आहे" म्हणतील. आत जा, आणि जमिनीकडे बघा.