आबांमधला हिरवा घटक

भर प्रदर्शनात, सगळ्या कॉलेजसमोर, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष खंडेराव आबा टोपीपासून सदऱ्यापर्यंत राणी कलरचे झाले.

असं काही झालेलं नाही. संस्थेने तसं पत्रकच काढलंय, तेव्हा आपणही ते झालेलं नाही असं धरून पुढे जाऊ.

तर सृष्टी. नाशिक रोडची, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला, आणि सकाळपासून डोकं तापलेली. तिचा प्रोजेक्ट साधा होता. कॉम्प्युटरवरचा फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा हे तीन रंग कमीजास्त मापाने भरलेले. तिचा प्रोग्रॅम ते सुटे करून दाखवायचा. पडद्यावर मूळ फोटो, शेजारी त्याचीच तीन रूपं, एक नुसतं लाल, एक नुसतं हिरवं, एक नुसतं निळं. खाली तीन पट्ट्या. पट्टी सरकवली की मूळ फोटोतून तो रंग वजा. त्यासाठी तिने पंचवटीच्या भाजीबाजारात जाऊन टोमॅटोच्या क्रेटचा फोटो काढला होता. लाल टोमॅटो, हिरवे देठ. भांडण नाही, तंटा नाही.

"टोमॅटो?" विभागप्रमुख पगार सर म्हणाले. "उद्घाटनाला आबा येतायत आणि तू त्यांना टोमॅटो दाखवणार? आबांचा फोटो टाक."

"सर, आबांचे तीन भाग होतील."

"होऊ देत. तिप्पट आबा दिसतील. नाहीतर तुझ्या प्रोजेक्टवर माझी सही नाही."

सही नाही म्हणजे डिग्री नाही, आणि पुण्यातली नोकरी डिग्रीवर अडलेली. सृष्टीने दातओठ खात आबांचा फोटो टाकला. माहिती मराठीतून लिहायची, हीसुद्धा सरांचीच सक्ती. तिने 'कंपोनंट'साठी शब्दकोशातून शब्द शोधला आणि हिरव्या फोटोखाली ठळक अक्षरात लिहिलं: 'अध्यक्षांमधील हिरवा घटक'.

आता संस्थेची निवडणूक होती तोंडावर. आबांचं पॅनल केशरी उपरण्यांचं, विरोधकांचं हिरव्या. आणि घटक हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात गरीब असतो. भाषणात शिरला की फितूर होतो. "काही घटक संस्था पोखरतायत," हे वाक्य आबा त्या आठवड्यात औषधासारखं घेत होते, जेवणाआधी आणि जेवणानंतर.

आबा आले. नारळ फुटला. आबांनी स्वतःला हिरवं पाहिलं.

"जयराम, काय हे?"

जयराम हा आबांचा उजवा हात, डावाही तोच. "आबा, तुमच्यात हिरवा घटक हाय, असं लिव्हलंय."

"माझ्यात? अरे, मी जन्माचा केशरी!"

"केशरीतही असतो, आबा," सृष्टी म्हणाली. "पडद्यावर लालात हिरवा घातल्याशिवाय केशरी होतच नाही."

जयरामने गळ्यातलं उपरणं दोन बोटांत धरून लांब केलं.

"आणि पांढऱ्यात तर पुरेपूर," सृष्टीला आता थांबता येईना. "तुमच्या सदऱ्यात तिन्ही रंग सारखेच आहेत."

"म्हणजे माझा सदरा त्यांना मिळालाय?"

"फक्त मिशी कोणालाच मिळालेली नाही. ती ठार काळी आहे."

"ए पोरी, लय झालं!" जयराम खेकसला. "काढ तो हिरवा!"

"काढला तर वाईट दिसेल."

"सृष्टी," पगार सर हसऱ्या तोंडाने दातांतून म्हणाले, "सांगतायत ना? काढ."

तिने हिरवी पट्टी शून्यावर नेली.

पुढचं झालेलं नाहीच. पण टोपी राणी कलर, सदरा राणी कलर, गाल शालूच्या पदरासारखे, आणि मधोमध मिशी, एकटी एकनिष्ठ. "अगं बाई, हीच शेड मी दीराच्या लग्नाला शोधत होते," मागून एक मॅडम म्हणाल्या. सगळ्यांचे मोबाईल एकदम वर आले.

दुसऱ्या दिवशी पगार सरांनी टाइप केलेला माफीनामा पुढे सरकवला. 'मी अध्यक्षांमध्ये जाणूनबुजून हिरवा घटक मिसळला.'

"मी मिसळला नाही. तो होताच."

"तू इथे सही कर, मी प्रोजेक्टवर करतो."

"फोटो कोणी टाकायला लावला, सर?"

"कुठला फोटो? असं काही झालेलंच नाही. पत्रक वाच."

"झालंच नाही, तर माफी कशाची?"

सरांनी खरंच विचार केला. "न झालेल्या गोष्टीची माफी जास्त नम्र दिसते."

सृष्टीने माफीनामा उलटा केला आणि पेन टेबलात उतरेल एवढं दाबून कोऱ्या बाजूवर लिहिलं:

प्रति,
मा. सूर्यनारायण, आकाश.
(मार्फत: विभागप्रमुख, संगणक विभाग)

विषय: हिरवा घटक वगळण्याबाबत.

महोदय,
संस्थेची निवडणूक पार पडेपर्यंत नाशिक महापालिका हद्दीत पाठवण्यात येणाऱ्या उन्हातून हिरवा घटक वगळण्यात यावा, जेणेकरून सर्व मतदार राणी कलरचे दिसतील व मा. अध्यक्षांना एकटं वाटणार नाही. मिशांना या आदेशातून सूट असावी. कार्यवाही करून तसा लेखी अहवाल पगार सरांकडे द्यावा, म्हणजे ते माझ्या प्रोजेक्टवर सही करतील, ही नम्र विनंती.

तसदीबद्दल क्षमस्व. माफी हवी असल्यास हीच समजावी.