राग दातात येतो

"सर, बारकीनं परत चावलं."

सरांनी वळून पाहिलं. एक मुलगा दंड धरून उभा होता. दंडावर दातांची लाल कमान उमटली होती. बारकी टेबलाखाली शिरली होती. आठवड्यातली ही तिसरी खेप.

सर मुळात बालवर्गाचे नव्हेतच. एकतीस वर्षं त्यांनी याच शाळेत कवायत आणि खेळ शिकवले. गुडघा कामातून गेला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, निवृत्तीपर्यंत त्यांना इथे बसवलं. पहिले पंधरा दिवस सरांजवळ एकच औषध होतं: "रडायचं नाही, सरळ उभं राहायचं." ते एकाही पोराला लागू पडलं नाही.

मुलाचा दंड धुऊन होतोय तोवर मोठ्या बाई दारात आल्या. "आता हद्द झाली, सर. उद्या हिच्या आईला बोलावते आणि दाखला देऊन मोकळी होते."

त्या गेल्यावर सर गुडघा सावरत कसेबसे जमिनीवर बसले. मैदानावर कुणी पडलं की ते आधी एकच गोष्ट विचारायचे. सवयीने तीच तोंडातून निघाली.

"कुठे दुखतंय?"

टेबलाखालून आधी एक डोकं बाहेर आलं. मग बारकी म्हणाली, "दातात."

"दात दुखतोय?"

"नाही. राग दातात येतो. मग तोंड आपोआप मिटतं."

सर हसले नाहीत. "दातात यायच्या आधी कुठे असतो?"

तिने विचार केला आणि दोन्ही मुठी पुढे केल्या. "इथे. गरम गरम."

"मग तिथेच गाठू त्याला. चल."

त्यांनी तिला भिंतीला तळहात टेकायला लावले. "ढकल. भिंत पडली तर मी बघतो."

चेहरा लालबुंद होईस्तोवर बारकीने ढकललं. दहा मोजून झाल्यावर म्हणाली, "थोडा गेला. थोडा आहे."

"मग आणखी दहा."

ते झाल्यावर ती आपण होऊन त्या मुलाजवळ गेली. "तुला पण राग आलाय का?"

"नाही," तो म्हणाला. "मला दुखतंय."

बारकी त्याच्या शेजारी बसून दंडावर फुंकर घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धा वर्ग भिंत ढकलायला लागला होता. एकीची भीती पोटात निघाली. एकाला घर आठवलं की गळ्यात गोळा यायचा. "तो राग नाही, ते रडू. येऊ द्यावं," सर म्हणाले, आणि आपण हे म्हणालो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

बारकीची आई शिवणकामाच्या कारखान्यातून पाळी अर्धी टाकून आली होती. सर बारकीला घेऊन ऑफिसात पोचले, तेव्हा आईचा आवाज चढलेला होता.

"काढा की मग. मी कामावर जाऊ का हिच्या मागं बसू, तेवढं सांगा."

बारकीने तिचा हात ओढला. "आई, तुला राग आलाय. कुठे आलाय?"

आई तिच्यावर खेकसणार होती. पण पोरगी उत्तराची वाट पाहत शांतपणे उभी होती. आईचा हात गळ्याशी गेला. "इथं," ती हळूच म्हणाली.

"मग ते रडू आहे," बारकी म्हणाली. "येऊ दे."

आई खुर्चीत बसली आणि तोंडावर रुमाल धरून रडली. कुणीच घाई केली नाही. थोड्या वेळाने मोठ्या बाईंनी दाखल्याचा कागद खणात सरकवला.

"आता नाही ना चावणार?" त्यांनी बारकीला विचारलं.

"राग येईल," बारकी म्हणाली. "पण मी आधी सांगीन."

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शाळेच्या संघाने पहिली ढाल जिंकून आणली होती, त्या दिवशीही ते असेच सगळ्यांकडे पाठ करून उभे होते.