तेल लावलेला मॅकिंटॉश

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही नाक मुरडाल. पाठीवर चिकट डाग, अंगाला रबराचा वास आणि जागा म्हणाल तर दाराआडची खुंटी. पण मी एक मॅकिंटॉश, म्हणजे रबर भरलेल्या कापडाचा रेनकोट आहे, आणि बाहेर सर आली की माझ्या बाह्या अजूनही शिवशिवतात.

नावाला हसू नका. ते एका माणसाचं आडनाव आहे. फार वर्षांपूर्वी त्या रसायनतज्ज्ञाने कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या एका द्रवात रबर विरघळवलं, दोन कापडांच्या मध्ये पसरलं आणि कापडं एकमेकांवर दाबून टाकली. पाणी आत शिरेना. त्या कापडाच्या कोटांना लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले. माणूस गेला, कोट राहिले. अर्धवट झोपेत मला कधीकधी वाटतं, तोच माझ्या कॉलरमधून मान वर काढून ढगांकडे बघतो आहे. 'काय रे, अजून कोरडाच ना?' असं हळूच विचारतो आहे.

मला घडवताना एका बाईने माझ्या शिवणींवर बोटाने रबराचा चिक पसरला आणि वरून पट्ट्या चिकटवल्या. सुईच्या भोकांतूनही पाणी शिरू नये म्हणून ही सारी उठाठेव. मग मी दुकानात आलो आणि तिथून एका पूलवालीच्या अंगावर.

नदीवर एक उचलता पूल होता. बोट आली की पूलवालीने मोठं चाक फिरवायचं आणि पूल वर न्यायचा. पावसात, धुक्यात बोटी अशा सरकत जायच्या की झोपेत चालणारी घरंच वाटावीत. घरी आल्यावर ती मला झटकून म्हणायची, "पाठीला थेंब लागला नाही हं!" मी फुशारून जायचो.

घरात ती आणि तिचे सासरे. नवरा जहाजावर, कधीमधी येणारा. सासऱ्यांनी जन्मभर जोडे शिवले होते. पुढे नजर अधू झाली आणि दुकान बंद पडलं. सुनेच्या जिवावर बसून खाणं त्यांच्या जिवाला लागलं, म्हणून त्यांनी बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. सुनेला ते जायला नको होते. पण दोघंही अबोल. 'जाऊ नका' हे शब्द तिच्या ओठांवर यायचे आणि चहाच्या घोटाबरोबर पोटात जायचे.

जायचा दिवस जवळ आला तेव्हा एका दुपारी म्हाताऱ्याने माझ्यावरून हात फिरवला. "किती कोरडा पडलाय हा! सूनबाईला आपल्याकडून तेवढंच," असं पुटपुटत त्यांनी जुनी तेलाची बाटली काढली. चामड्याला तेल म्हणजे जीव, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. ते मला चोळत राहिले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. इतक्या मायेने मला कुणीच हात लावला नव्हता. पण चामड्याला जे मानवतं तेच आमच्या रबराला मारतं. तेल आत मुरत गेलं, रबर मऊ पडून सुटू लागलं, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

मग मुसळधार पाऊस आला. पुलावर माझे खांदे उसवल्यासारखे झाले. पूलवाली नखशिखांत भिजून घरी आली, आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या मला अक्षरशः सोलून काढावं लागलं.

म्हाताऱ्याने मला चिमटीत धरलं. बोटं चिकट झाली आणि ते काय समजायचं ते समजले.

"जाता जाता नुकसान करून ठेवलं गं मी. तेल चालतं का, एवढं विचारायचं तरी!"

ती केस पुसत म्हणाली, "नुकसान झालंय खरं. आता भरून द्या."

"कसं भरून देऊ?"

"चाकाला माझे दोन्ही हात लागतात, बाबा. छत्री कोण धरणार? नवा कोट येईपर्यंत तुम्हाला कुठेही जाता येणार नाही."

"अगं, मला धड दिसत नाही."

"छत्री धरायला दिसायला कशाला हवं? वर धरायची, झालं."

बाबा हसले आणि डोळे पुसू लागले.

आता पाऊस आला की दोघं एकाच छत्रीतून निघतात. बाबा छत्री जरा तिरकीच धरतात, तिचा एक खांदा रोज भिजतो. ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मित्रांनो, कुणाला जीव लावाल तेव्हा त्याला काय मानवतं हे आधी विचारा. उपदेश करायचा तर एवढाच आहे माझ्याजवळ. पण एक विनंती आहे. नवा कोट केव्हाच आला आहे. कपाटात पांघरुणांच्या खाली तिने तो दडवून ठेवला आहे. बाबा मधूनच विचारतात, "आला का गं कोट?"

"कसला येतोय!" ती म्हणते.

तुम्ही तेवढं त्यांना सांगू नका.