गप्प बसण्याचं प्रात्यक्षिक

खोलीत चार खुर्च्या, एक टीपॉय, पाण्याची एक बाटली, टिश्यूपेपरचा एक डबा, आवाज टिपणारं एक यंत्र आणि चार माणसं होती. एकीने अजिबात बोलायचं नव्हतं, एकीने बेताचंच बोलायचं होतं, आणि ज्याने बोलायचं तो आत आल्यापासून गप्प होता. चौथीबद्दल नियमावलीत काही लिहिलेलं नव्हतं, आणि बोलत तीच होती.

"यांना झोप नाय, जेवनावर मन नाय," चंद्रावतीकाकू सांगत होत्या. "आमच्या पोरानं, निकेशनं उलव्याला फ्लॅट घेतला, सातवा मजला, लिफ्ट हाय, एसी हाय. आनि हे गॅलरीत तोंड पाडून बसतात."

"हे" म्हणजे दाजीकाका. त्यांची शेतं विमानतळात गेली होती. गुडघ्यांवर हात ठेवून ते टिश्यूपेपरच्या डब्याकडे बघत होते.

बेताचं बोलायचं होतं ती मी. बीएस्सी केमिस्ट्री केल्यावर मी करंजाड्याच्या एका ट्रस्टमध्ये समुपदेशनाचं प्रशिक्षण घेत होते. ट्रस्टच्या केंद्रात सल्ला फुकट मिळतो असं गावोगाव सांगितलं जातं. खरं म्हणजे सल्ला द्यायचाच नसतो, ऐकायचं असतं. माणूस किती ऐकतो हे मोजण्याची आमच्या प्रशिक्षक अरुंधती मॅडमची पद्धत मला एकदम पटली होती. भेटीचं रेकॉर्डिंग करायचं आणि कोण किती बोललं ते काढायचं. शिकाऊ समुपदेशक तीस टक्क्यांच्या खाली, आलेला माणूस पन्नासच्या वर, तरच प्रमाणपत्र.

पद्धत पटली, मला जमली मात्र नाही. पहिल्या प्रयत्नात मी एकसष्ट टक्के बोलले. उरलेल्या एकोणचाळीसमध्ये बहुतेक "हो मॅडम" होतं. दुसऱ्यांदा अठ्ठेचाळीस. आजचा तिसरा आणि शेवटचा. हुकला तर पुढच्या बॅचपर्यंत थांबायचं, आणि उलव्याच्या नव्या केंद्रातली जागा तोवर भरलेली असणार.

काकूंची परवानगी घेऊन अरुंधती मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. समोरचा माणूस बुजू नये म्हणून त्या नेहमी आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसतात.

"दाजीकाका, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं.

"त्यांना काय वाटनार!" काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?"

"मी भायेर गेले तर सांगनार कोन?"

मग मी गप्प बसले. ओठ आवळले आणि हात मांडीवर दाबून ठेवले. माझ्या तोंडात तीन चांगले सल्ले तयार होते. काकूंचं बोलणंही हळूहळू संपलं.

दाजीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमच्या पाठीकडे. मग पुन्हा माझ्या आवळलेल्या ओठांकडे. त्यांनी एक पाय खुर्चीवर घेतला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरसावून बसले.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"तुमच्या दोघींच्या भांडनाला."

"अवो," काकू दचकल्या, "ही डाक्टरीन हाय!"

"डाक्टरनीला सासू नसते? एक भिंतीकडं तोंड करून बसलीय, एक शब्द गिलून बसलीय. तीस वर्सं गावकीत बसलोय मी, मला दिसत नाय?"

"काका, त्या सासू नाहीत. माझ्या शिक्षिका आहेत. आमचं भांडण झालेलं नाही."

"मास्तरीन!" त्यांनी जीभ चावली. "मंग तर कठीन. सासूला माहेरी जायाची धमकी तरी देता येते. आनि पोरी, भांडन झालंच नाय, असं सगलेच पयलं सांगतात."

मी आणखी खुलासा करणार होते, पण खुलाशाला टक्के लागतात. मी तोंड मिटलं. त्यांना ते कबुलीसारखं वाटलं.

"चंद्रा, ती बाटली घे. पयलं मास्तरनीला पानी दे, मंग हिला. गावकीत पयलं एका तांब्यातलं पानी द्यायचं. पानी पिताना कुनाला शिव्या देता येत नाय."

काकूंनी बाटली नेली. अरुंधती मॅडमना बोलायची मनाई होती, पाणी प्यायची नव्हती. त्या प्यायल्या. मग मीही प्यायले.

"अर्धं मिटलं," दाजीकाका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी बांधावरून डोकी फोडायला निघालेल्या दोन भावांची गोष्ट सांगितली, मग खाडीच्या वाट्याची, मग मोडता मोडता लागलेल्या एका लग्नाची. प्रत्येक गोष्टीत शेवटी लोक त्यांच्या ओटीवर येऊन बसायचे.

"आता?" मी विचारलं.

"आता बांधच नाय, तर भांडनार कशावरनं? पैसे आले, सगले वकिलाकडं गेले. सोसायटीची मीटिंग मोबाइलवर. परवा खाली पार्किंगवरनं दोघे भांडत होते. मी गॅलरीत उठून उभा रायलो. हातवारे दिसत होते. पन सातव्या मजल्यावर काय बोलतात ते ऐकू येत नाय."

"ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"नाय ना!" त्यांनी टोपी चुरगळली. "रातभर मनात तेच. चूक कुनाची होती?"

काकू त्यांच्याकडे वळल्या. "हे मला कदी बोलला नाय."

"तू थांबलीस कदी?"

काकूंनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दाजीकाका बोलत राहिले. सोसायटीचा वॉचमन त्यांना आजोबा म्हणतो आणि लिफ्टचं बटण दाबून देतो, हेही त्यांनी सांगितलं. ते सांगताना मात्र त्यांचा आवाज बसला. मी टिश्यूपेपरचा डबा पुढे केला. त्यांनी एक घेऊन काकूंना दिला.

निघताना ते दारात थांबले. "एका बैठकीत मिटत नाय. बुधवारी येतो. मास्तरनीला पन बोलव. आनि तिला सांग, खुर्ची फिरवून बस."

ते गेल्यावर मॅडमनी खुर्ची फिरवली आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपला लावलं. शांतता वगळून आकडे असे आले: दाजीकाका ५७.४ टक्के, चंद्रावतीकाकू २३.९, मी १८.७.