कुरुळीच्या गाळ्यांचा स्ट्रेचर

मित्रांनो, मला पाहून पाय मागे घेऊ नका. मी एक जुना स्ट्रेचर आहे खरा, पण आज माझ्यावर कोणी झोपलेलं नाही आणि कोणी झोपू नये हीच माझी इच्छा आहे. चाकणच्या पट्ट्यात कुरुळी नावाचं गाव आहे. तिथे छोट्या कारखान्यांचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांच्या सामाईक दवाखान्यात भिंतीला टेकून मी उभा असतो. लोक येतात, माझ्याकडे बघतात आणि झटकन नजर फिरवतात. जणू मीच त्यांना आजारी पाडणार आहे! असो, मला आता त्याची सवय झाली आहे.

मी दुकानातून आलेलो नाही. माझा जन्म उद्धवरावांच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात झाला. उद्धवराव मूळचे कुरुळीचेच. एकदा शेजारच्या गाळ्यात एका हमालाच्या पायावर जड साचा पडला. त्याला न्यायला काहीच नव्हतं, म्हणून लोकांनी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. वाटेत खुर्चीचा पाय मोडला आणि तो बिचारा पुन्हा आपटला. त्या दिवशी उद्धवराव जेवले नाहीत. त्यांनी उरलेले दोन लांब पाइप घेतले, आडवे दांडे वेल्ड केले, चार टोकांना चार मुठी काढल्या. ताडपत्री एका टेम्पोवाल्याने दिली. रंग अरुंधतीताईंच्या पावडर कोटिंगच्या गाळ्यात चढला. ट्रॅक्टरच्या पार्टांचा भडक लाल रंग तिथे उरला होता.

"पेशंटच्या स्ट्रेचरला लाल रंग?" कोणीतरी हसलं.

"बरं हाय की, रगात दिसायचं न्हाई," उद्धवराव म्हणाले.

तेव्हापासून ज्याला गरज पडेल तो मला घेऊन जाई. दुसरा स्ट्रेचर कोणी विकत घेतला नाही. "उद्धवरावांचा आहे ना!" एवढं म्हटलं की झालं. माझ्या ताडपत्रीवर पडून माणसांनी देवाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि पुष्कळांनी डोळे मिटून एवढंच विचारलं, "साहेब, सुट्टी लागणार का पगार कापणार?" इस्पितळाच्या काउंटरवर मात्र सगळ्यांना पहिला प्रश्न एकच असे. कुठे दुखतंय, हा नव्हे. "कुठली कंपनी? पॉलिसी आहे का?"

खंडेनवमी हा माझ्या कौतुकाचा दिवस. त्या दिवशी सगळ्या गाळ्यांमधली यंत्रं बंद ठेवतात, धुऊन पुसून त्यांची पूजा करतात. लेथला हार, प्रेसला हार, अगदी पान्यांनाही हळदकुंकू. उद्धवराव मलाही मधोमध ठेवत, झेंडूची माळ घालत आणि हात जोडून म्हणत, "रिकामाच ऱ्हा, बाबा." इतर यंत्रांकडे लोक भरपूर काम मागत. माझ्याकडे मागणं हे असं उलटं. पण खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटे.

दिवस सारखे राहत नाहीत. एका वर्षी मला सुरेंद्र साहेबांच्या गाळ्यात नेलं आणि परत आणायचं सगळे विसरले. सुरेंद्र साहेब शिकलेले इंजिनिअर. नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा छोटा कारखाना काढला होता. माणूस वाईट नव्हता, पण चारी बाजूंनी पिळलेला होता. त्यांच्या माणसांनी माझ्यावर लोखंडाच्या किसाचे खोके रचले. माझी ताडपत्री एका बाजूने फाटली. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो, आणि तिथेच मला गणराजची गोष्ट कळली.

गणराज बीडकडचा. सुरेंद्र साहेबांची सगळ्यात महागडी मशीन तोच चालवायचा. आदल्या वर्षी त्याचा पगार वाढला तेव्हा त्याने गाळ्यात पेढे वाटले होते. पेढे खाताना कोणाच्या लक्षात आलं नाही, की पगार वाढल्यामुळे तो कामगारांच्या सरकारी विम्याच्या मर्यादेबाहेर गेला. आता आधार उरला तो सुरेंद्र साहेबांनी काढलेल्या विम्याचाच. आणि नेमकी त्याच वर्षी गणराजची बायको करिष्मा आजारी पडली. तिच्या हृदयाची झडप बिघडली होती.

एका दुपारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"गणराज, गेल्या वर्षी आपल्याकडे एक मोठा क्लेम झाला. आपण माणसं किती थोडी! विमा कंपनीने हप्ता एकदम वाढवलाय. या महिन्यात नूतनीकरण आहे. मी तुम्हा कामगारांचा विमा चालू ठेवतो, पण घरच्यांचा मला झेपणार नाही."

"साहेब, तिला जिना चढवंना गेलाय," गणराज म्हणाला. "डॉक्टर म्हणलेत, दिवाळीच्या आत ऑपरेशन करा."

"मला कारखाना चालवायचाय रे."

 गणराज मशीनवर गेला आणि शिफ्ट संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. मी लोखंडी आहे, मित्रांनो, पण त्या दिवशी मलाही ते बघवेना.

पुढे खंडेनवमी आली. उद्धवराव मला शोधत शोधत सुरेंद्र साहेबांच्या गाळ्यात पोहोचले आणि माझ्यावरचे खोके पाहून भडकले.

"माणसं न्यायची चीज हाय ही! तुमी भंगार वाहताय व्हय?"

सुरेंद्र साहेबांनी खाली मान घातली. खोके त्यांनी स्वतः उतरवले, आणि मला व सुरेंद्र साहेबांना घेऊन उद्धवराव आपल्या गाळ्यात आले. आरतीला सगळे गाळेमालक जमले होते. प्रसाद वाटून झाला तरी सुरेंद्र साहेबांचा चेहरा उतरलेलाच होता. उद्धवरावांनी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ऐकून सगळे गाळेमालक प्रसादाच्या वाटीत बघू लागले. त्यांचं असं होतं, की एकमेकांच्या मुलांच्या लग्नात ते पंगती वाढत, पण दराची गोष्ट निघाली की तोंडाला कुलूप. पार्ट कुठल्या भावाने देतो, हे शेजाऱ्याला कळलं तर तो कमी भाव सांगेल आणि माल घेणारी मोठी कंपनी ऑर्डर त्याच्याकडे वळवेल, ही भीती. हीच सवय त्यांनी औषधपाण्यालाही लावली होती. विम्याचा एजंट प्रत्येकाच्या कानात सांगे, "हा भाव फक्त तुमच्यासाठी, शेजारी बोलू नका." आणि प्रत्येकजण खूश होऊन गप्प बसे.

शेवटी अरुंधतीताईंनी हातातली प्रसादाची वाटी खाली ठेवली. "मीच सांगते मग," त्या म्हणाल्या आणि आपला हप्ता किती, तो आकडा त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवला.

"काय?" एकजण उठूनच उभा राहिला. "माझी माणसं तुमच्याएवढीच, मग मला दीडपट का?"

मग काय, बांध फुटला. हप्त्यावरून गोष्ट इस्पितळाच्या बिलांवर गेली. त्याच इस्पितळात, त्याच अपेंडिक्सचं बिल प्रत्येकाला वेगळं. खास भाव सगळ्यांकडे होता आणि खरा खास एकाचाही नव्हता. मित्रांनो, खोटं कशाला सांगू? करिष्माची दया सगळ्यांना आली होती, पण नुसत्या दयेने काम झालं नसतं. चीड आली, म्हणून माणसं उठली. गाळेधारकांची संघटना होती, पण गणपतीची वर्गणी आणि रस्त्यातले खड्डे याखेरीज तिने काही केलं नव्हतं. आता सगळ्यांचा विमा एकत्र घ्यायचा, इस्पितळाशी भावही एकत्रच ठरवायचा, असं ठरू लागलं.

एकटा शार्दूल मागे सरला. त्याचा गाळा नवा, सगळी पोरं विशीतली.

"भाऊ, माझ्याकडे कोणी आजारीच पडत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या दुखण्याचं मी का भरू? मला नका धरू यात."

त्याला कोणी काही म्हणायच्या आत सुरेंद्र साहेबांचा फोन वाजला. गणराज होता. करिष्मा खोलीत चक्कर येऊन पडली होती. खोली जवळच, पण वरच्या मजल्यावर, आणि जिना एवढा अरुंद की दोन माणसं शेजारून जाणार नाहीत.

माझ्या गळ्यात झेंडूची माळ तशीच होती. ती घेऊनच मी पळालो, म्हणजे मला घेऊन सगळे पळाले. करिष्माला माझ्यावर ठेवलं. ओठ निळसर, हात गार. वरच्या मुठी गणराज आणि उद्धवरावांनी धरल्या. खालच्या बाजूला सगळा भार येतो, म्हणून तिथे सुरेंद्र साहेब आणि दणकट शार्दूल लागले. फाटलेल्या बाजूने ताडपत्री करकरली. मी सगळा जीव एकवटून ती धरून ठेवली. निम्म्या जिन्यात शार्दूल घामाघूम झाला.

"जरा टेकवू या का?"

"जिन्यात टेकवत्यात व्हय रं? तू सोडलंस तर तुझ्याच बाजूनं ती खाली जाईल," उद्धवराव वरून ओरडले.

शार्दूलने ओठ आवळले आणि मूठ अधिक घट्ट धरली. ती पकड मला आजही आठवते.

इस्पितळाच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न आला, "कुठली कंपनी?" गणराजने सुरेंद्र साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी तोंड उघडण्याआधी मागून शार्दूलचा आवाज आला.

"कुरुळीचे सगळे गाळे. लिहा तसंच."

करिष्मा त्या दिवशी वाचली. पण ऑपरेशन लांबवता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दिवाळी तोंडावर आली होती.

मग उद्धवरावांच्या गाळ्यात बैठकांवर बैठका सुरू झाल्या. मी तिथेच उभा. उद्धवरावांनी माझी ताडपत्री दाभणाने शिवून दिली होती. एकेकट्याला दारात ताटकळत ठेवणारे इस्पितळाचे व्यवस्थापक आता स्वतः गाळ्यात आले. अरुंधतीताईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "झडपेच्या ऑपरेशनचा भाव फोडून सांगा. सामान किती, माणसांची मजुरी किती, खोलीचं भाडं किती, तुमचा नफा किती?"

"मॅडम, वैद्यकीय क्षेत्रात असं विचारत नाहीत," ते म्हणाले.

"पार्टाच्या धंद्यातही विचारत नाहीत, असं आम्हीही म्हणायचो. मोठ्या कंपन्यांनी आम्हाला सगळं शिकवलंय. घ्या, चहा गार होतोय."

मला हसू आवरेना. वर्षानुवर्षं पिळून घेतलेली ही माणसं आता पिळायचं कसं, ते दाखवत होती. भाव ठरला, सगळ्यांना एकच, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. विमा कंपनीचे अधिकारी आले. त्यांनी हप्ता सांगितला तो ऐकून सगळ्यांचे चेहरे फुलले. "फक्त एक अट आहे," ते म्हणाले. "त्या बाईंचा आजार जुना आहे. त्यांना यातून वगळावं लागेल."

 प्रत्येकाच्या मनात आकडेमोड चालली असणार, कारण एका बाईला सोडलं की बाकी सगळ्यांचं भलं होत होतं. दाराजवळ गणराज उभा होता. त्याने डोळे जमिनीला खिळवले, कोणाकडे काही मागितलं नाही.

शार्दूल उठला, माझ्याजवळ आला आणि माझ्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला.

"मी उचललंय तिला," तो म्हणाला. "ती नसेल तर कधी क्लेम न करणारी माझी तरणी पोरंही मिळणार नाहीत तुम्हाला."

"आमीबी न्हाई," उद्धवराव म्हणाले.

"माझाही गाळा नाही," सुरेंद्र साहेब म्हणाले.  अधिकारी फाइल बगलेत मारून निघून गेले.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. पण कोणी हातपाय गाळून बसलं नाही. शार्दूल मोटारसायकलवर महाळुंगे पालथं घालत होता. तिथल्या गाळ्यांना तो एकच सांगे, "आज आमच्याकडे आहे, उद्या तुमच्याकडे असेल." महाळुंग्याचे गाळे आले, मग त्यांच्या ओळखीचे आले. माणसं इतकी वाढली की एका करिष्माचा भार त्यात जाणवेना. तेच अधिकारी परत आले, तेव्हा अट काढलेली होती. हप्ता पहिल्यापेक्षा थोडा जास्त होता. सगळ्यांनी तो मुकाट्याने मान्य केला.

दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. गणराजने पुन्हा पेढे वाटले. या वेळी खाणाऱ्यांचे डोळे ओले होते.

मग एका रिकाम्या गाळ्यात दवाखाना निघाला. डॉक्टरीण बाई येतात, सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासतात, म्हणजे दुखणं विकोपाला जायच्या आत कळतं. पहिल्याच तपासणीत सर्वात जास्त साखर निघाली ती सुरेंद्र साहेबांची! "पेढे कमी करा," बाई म्हणाल्या.

गेल्या खंडेनवमीला मी दवाखान्यात होतो. उद्धवराव आता थकले आहेत, म्हणून माळ घालायला दुसरं कोणीतरी येणार होतं. जिन्यावर पावलं वाजली. दवाखाना वरच्या मजल्यावर आहे. करिष्मा हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन, न थांबता, जिना चढून आली. तिने माझ्या चारही मुठींना कुंकू लावलं. शार्दूलने जिथे धरलं होतं, तिथे तिचा हात जरा जास्त वेळ थांबला. मग ती हात जोडून म्हणाली, "रिकामाच राहा, बाबा."

मित्रांनो, माझी ताडपत्री फाटली तर शिवा, माझ्यावर भंगार रचू नका. आणि मोठे होऊन तुम्ही कारखाने काढाल, तेव्हा एवढं ऐका. ज्या वर्षी तुमच्या घरी सगळे ठणठणीत असतील, त्या वर्षी "मला काय गरज?" म्हणून मूठ सोडू नका. त्या वर्षीही कोणीतरी जिन्यात असतं.