एवढी परीक्षा होऊ दे

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. एका सुताराने सागाच्या उरल्यासुरल्या फळ्या जोडून मला आपल्या मुलीसाठी घडवले. दिवसभर लोकांची दारे-कपाटे करून झाली, की संध्याकाळी तो माझ्यावर रंधा चालवी. शेवटच्या दिवशी त्याने माझ्यावरून तळहात फिरवला, एक कुसळ टोचले तिथे पुन्हा काचपेपर घासला आणि मुलीला म्हणाला, "बस बघू. कोपर टेकतंय का नीट?"

ती सतरा वर्षांची होती. तिला डॉक्टर व्हायचे होते. किती वर्षे लागतील, असे सुताराने विचारले, तेव्हा तिने साडेपाच सांगितली. हां हां म्हणता जातील, असे म्हणून तो खूश झाला.

ती वर्षे गेलीही. मुलगी मोठ्याने वाचायची. हाडांची नावे मलासुद्धा पाठ झाली. डॉक्टर झाल्यावर मात्र तिने सांगितले, की पुढचे शिक्षण घेतल्याशिवाय नुसत्या डॉक्टरला कोणी विचारत नाही. त्या प्रवेशासाठी वेगळी परीक्षा होती. पहिल्या वर्षी ती थोडक्यात हुकली. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसली. त्याच वर्षी सुताराला खोकला लागला.

भुसा घशात गेला असेल, असे म्हणून त्याने वेळ मारून नेली. ती घरात असली की तो खोकायला घरामागच्या आपल्या कारखान्यात जाई आणि खोकला ऐकू येऊ नये म्हणून विजेची करवत चालू करी. मुलीच्या आईला ते समजले. ती मुलीला सांगायला निघाली, तर त्याने तिला अडवले. एवढी परीक्षा होऊ दे, म्हणाला.

परीक्षा झाली. मुलगी दूरच्या शहरात तीन वर्षांसाठी शिकायला गेली. कोणता विषय घेतला, ठाऊक आहे? छातीचे रोग. मी घरी रिकामे राहिले. सुतार मला रोज पुसायचा. पण आता मध्येच थांबून, माझ्यावर दोन्ही हात टेकून दम घ्यायचा. रविवारी तिचा फोन आला की आधी पाणी पिऊन, घसा साफ करून बोलायचा. तिला सारखी कसली ना कसली परीक्षा असायचीच.

शेवटच्या परीक्षेआधी ती आठ दिवस अभ्यासाला घरी आली. एका दुपारी सुतार दारापाशी स्टुलावर बसून तिचे वाचन ऐकत होता. त्याला त्यातले अर्धेअधिक कळत नसे, पण ऐकायला आवडे. ती वाचत होती, की लाकडाचा भुसा वर्षानुवर्षे श्वासातून आत गेला तर काही कामगारांना आधी खोकला लागतो, मग चालताना धाप लागते, आणि वेळीच उपचार झाले तर आजार आटोक्यात ठेवता येतो.

सुतार हळूच उठला आणि बाहेर गेला. तिने पान उलटले. मी लाकडाचे, मला तोंड नाही. त्या दुपारइतके मला ते कधी डाचले नाही.

ती परत गेली आणि अकराव्या दिवशी सुतार गेला. धाप इतकी एकाएकी वाढली, की औषध आणायलाही उसंत मिळाली नाही. ती आली, तेव्हा सगळे आटोपले होते. माझ्यासमोर बसून तिने आईला एकच प्रश्न विचारला, "मला का नाही सांगितलं?"

"दर वेळी म्हणायचे, एवढी परीक्षा होऊ दे," आई म्हणाली. "तुझ्या परीक्षा काही संपेनात, बाई."

ती रडली नाही. तिने माझ्यावर कपाळ टेकले. पुढच्या आठवड्यात तिने परीक्षा दिली, आणि उत्तीर्ण झाली. दहा वर्षांहून जास्त लागली होती.

आता मी तिच्या दवाखान्यात असते. लोक माझी सागाची घडण वाखाणतात, तेव्हा ती माझ्यावरून तळहात फिरवते. पेशंटला तपासून झाले, की ती सोबत आलेल्या माणसाकडे वळते आणि विचारते, "आणि तुम्ही? तुमची तब्येत कशी आहे? खरं सांगा."

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. लाकूड पुष्कळ टिकते. पण तुमच्या परीक्षा संपेपर्यंत थांबायला तुमच्या घरची माणसे नेहमी तयार असतात. त्यांना थांबू देऊ नका.