तमाची अकरा मिनिटं

"जी, महारानी." (भाग बासष्ट. त्या भागातलं तिचं सगळं बोलणं एवढंच.)

नाक राहू दे, बाई. रंग तेवढा पाहा. पोरगी जरा उजळ दिसली पाहिजे.

बोदलकसा तलावाची पाळ, सकाळचे आठ. सतरा फोटो. सोळा हललेले.

नियम तिसरा : तमाला कोणीही मारायचं नाही.

बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं की दुकानाच्या शोकेसची काच थरथरते. आत लावलेल्या फोटोंतल्या नवरानवरींपैकी एकजणही सावळा नाही.

माय तांदूळ निवडते ती टीव्हीकडे पाठ करून.

*

आता सरळ सांगते.

चेतना सत्तावीस वर्षांची. फुलचूरला इंद्रकुमारभैयांच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसते. लग्नाचे, साखरपुड्याचे, बायोडाटाचे फोटो साफ करते. साफ म्हणजे गोरे.

'धूम्रलोक' ही हिंदी मालिका. राणी, राक्षस, सात दरवाजे, भरपूर धूर. पाचव्या दरवाज्यावर तमा उभी असते, हातात दिवा घेऊन. मालिकेत खरोखर काळी अशी ती एकटीच. एकशे चाळीस भागांत तिला नऊ वाक्यं मिळाली. तिला घर नाही, माय नाही, रागसुद्धा नाही. ती दिवा धरते आणि राणी पुढे निघून जाते.

तमा आवडणारे लोक एकतीस. नागपूरचा हिमांशु त्यांचा ग्रुप चालवतो. सगळ्यांनी मिळून तमाचं प्रत्येक दृश्य कापून एकत्र जोडलं, ते भरलं अकरा मिनिटं वीस सेकंद. मग जे मालिकेनं दिलं नाही ते त्यांनीच लिहायला घेतलं. कोणी तिला भाऊ दिला, कोणी दिव्याला इतिहास दिला. चेतनानं तिला गाव दिलं. गावात तलाव, तलावाला मातीची पाळ, आणि ती पाळ बांधणाऱ्यांच्या घरातली ही पोरगी. चेतनाच्या आजोळचे लोक तेच सांगतात स्वतःबद्दल, म्हणून तिला ते लिहायला सोपं गेलं.

*

चॅनलनं जाहीर केलं : प्रेक्षकांनी चित्रं पाठवावीत. निवडलेलं चित्र आठवडाभर पेजवर राहील, आणि सोबतचं पत्र लेखकमंडळी वाचतील.

पत्र एकतीस जणांनी लिहिलं. शेवटची ओळ : तमाला एक घर द्या, आणि तिला तिच्यासारखीच राहू द्या.

चित्र चेतनानं काढायचं ठरलं. तीन आठवडे ती गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात काढत होती, न हललेला तो एक फोटो समोर ठेवून. तमा बोदलकस्याच्या पाळीवर उभी, दिवा खाली ठेवलेला, हात मोकळे. ग्रुपवर तिनं फक्त पेन्सिलचं रेखाटन टाकलं. रंगाचं शेवटीच दाखवू, म्हणाली.

*

दुकानाची पद्धत अशी. कॉम्प्युटरवर 'तयार' नावाचा फोल्डर आहे. त्यात फोटो टाकला की तो आपोआप लहान होतो, आणि जाता जाता त्यातला प्रत्येक चेहरा उजळतो. ही सेटिंग भैयांनी कधीकाळी बसवली. तिचं नाव 'लगन'. मशीन जुनी, जागा कमी, म्हणून नवी फाइल जुनीच्या जागी बसते. जुनी उरत नाही. गोरा केलेला फोटो परत सावळा करून मागायला आजवर कोणी आलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं तीन लग्नं उरकली होती. चॅनलला फाइल लहान हवी होती. हात आपोआप गेला. 'तयार'. मग फोनवरून पाठवून दिली. उघडून पाहिली नाही.

*

चार दिवसांनी दुपारी हिमांशुचा फोन.

"ताई, पेजवर आपलं चित्र आलं."

"आलं? खरंच?"

"तुम्ही पाहिलं का?"

"मीच काढलं ना, बाबू."

"नाही, ताई. पाहिलं का?"

तिनं पाहिलं. पाळ तीच, पाणी तेच. पाळीवर दुधासारख्या चेहऱ्याची एक बाई उभी होती. गळा आणि हात काळे राहिले होते, कारण 'लगन' फक्त चेहरे ओळखते.

खाली चॅनलनं लिहिलं होतं : हमारी तमा का नया रूप! हमें भी बहुत पसंद आया. अगले सीज़न में ज़रूर सोचेंगे.

त्याखाली चार हजार लोक. अब लगी ना सुंदर. पहले डर लगता था. हिरोईन बना दो इसको.

"हे तुम्ही केलं?" हिमांशुनं विचारलं.

तिला सांगता आलं असतं की चॅनलनं केलं. बाकीच्या तिसांनी मानलं असतं. मानायला तयारच बसले होते.

"मीच केलं," ती म्हणाली. "हातानं झालं."

पलीकडे त्यानं पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"ताई, ते म्हणतील फॅननीच मागितली अशी. आपलं पत्र जोडलेलं आहे तिला."

"माहीत आहे."

*

ग्रुप, त्याच संध्याकाळी :

एवढं कसं नाही दिसलं?

रोज हेच काम करतात ना त्या, म्हणून नाही दिसलं.

ताईंना काढू नका कोणी. प्लीज.

मी काढा म्हटलंच नाही. मी थकलो एवढंच म्हणतो.

*

"इतना अच्छा आया, चॅनलवाल्यांना पसंत पडला," इंद्रकुमारभैया म्हणाले, "और तू अशी तोंड पाडून काऊन बसली?"

"भैया, तिचा रंग गेला."

"गेला नाही, निखरला."

"जुनी फाइल कुठं राहिली असंल का?"

"जुनी कायले राहील? वर नवी बसते ना. चार वर्षं झाली तुले, आता विचारून राहिली?"

तिनं चॅनलला तीनदा लिहिलं. चूक माझी आहे, चित्र काढून टाका, नवं पाठवते. उत्तर आलं नाही. आठवडा संपला, चित्र आपोआप खाली गेलं.

*

नवं चित्र काढायचं तर रंग पाहिजे. तिनं ती अकरा मिनिटं पुन्हा पाहिली. तमा एकदा निळी, एकदा हिरवी, बाकी वेळ धुरात. राणीवर पडलेल्या उजेडातलं जे उरेल ते तिचं. तिचा खरा रंग मालिकेत कुठंच नव्हता. पहिल्या चित्रातल्या हातांवर होता तो चेतनानं अंदाजानं जमवलेला, आणि तो अंदाज तिला आता पुरेसा वाटत नव्हता.

शांतीबाई, तिची माय, दारात सूप घेऊन बसली होती. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं.

"माय, हात पुढं कर."

"कायले वं?"

"फोटो काढतो."

"हाताचा? आधार काढून राहिली का? मंग आंगठा घे."

"गप राह्य न. बाही वर कर."

मायनं बाही वर केली. कोपराच्या खाली हात एका रंगाचा, वर दुसऱ्या. मध्ये बांगडीसारखी रेघ.

"कोनता घेतं?" माय म्हणाली. "खालचा उन्हाचा होय. वरचा माह्या मायचा."

चेतनाला हे ठरवता येईना. तिनं फोन आधी खाली नेला, मग वर.

"लवकर कर बाप्पा, हात दुखला माहा. हे कोन पोरगी होय, जिच्यासाठी एवढं करून राहिली?"

"दरवाज्यावर उभी राहते. दिवसभर."

"बाहेर?"

"बाहेर."

"मंग खालचा घे," माय म्हणाली, आणि पुन्हा तांदळाला लागली.

*

नवं चित्र ग्रुपवर गेलं. तिनं ते दुकानात नेलंच नाही. फोनवरच बोटानं काढलं, त्यामुळे पाळ थोडी वाकडी आली.



तासाभरानं हिमांशु : उशीर झाला, ताई. पण ही आहे.

एकानं विचारलं, चॅनलच्या पेजवर खाली टाकायचं का? टाकलं. छत्तीस लोकांना आवडलं. एकानं लिहिलं, पहलेवाली अच्छी थी.

*

डिसेंबरात दुसऱ्या सीझनची जाहिरात आली. तमा राणीच्या शेजारी उभी होती, मागे नाही. तिला सलग तीन वाक्यं होती. चेहरा उजळ. मुलगी तीच की दुसरी, हे एकतीस जणांनी थांबवून थांबवून पाहिलं. एकमत झालं नाही.

"आता काय करायचं?" हिमांशुनं फोनवर विचारलं.

"तिला लिहू द्या त्यांना," चेतना म्हणाली. "आपली आपल्याजवळ आहे."

"ताई, लोक ग्रुप सोडून राहिले. नऊ गेले."

"मग बावीस."

"तुम्ही तमाचं पुढचं लिहिणार?"

"आज नाही. आज चार लग्नं आहेत."

ग्रुपच्या नियमांच्या यादीत हिमांशुनं चौथा नियम घातला : जाहिरातीतली तमा आपली नाही. चेतनानं तो वाचला, फोन उलटा ठेवला, आणि 'तयार' उघडून पहिल्या नवरीचा फोटो त्यात टाकला.

*

शूटिंगच्या पहिल्या दिवशी, पहिल्या सीझनच्याही आधी, तमाचं काम करणारी मुलगी सेटवर आली, तेव्हा मेकअपवाल्याच्या पेटीत तिच्या रंगाचं काहीच नव्हतं. तिनं घरून आणलेली आपल्या रंगाची डबी काढली आणि स्वतःचं तोंड स्वतः रंगवलं.